जुना कोशाचा चोगा : जरीच्या भावात देण्याआधी

जुनी जरी विकत घेणारे फिरते व्यापारी आपल्या भागात पूर्वीपासून येतात. लग्नातील शालू, ओढणी, टोपी, चोगा, जे काही पेटीत पडलेले असेल ते पाहतात, जरी बोटाने घासतात, अंदाजे वजन ठरवतात आणि रोख पैसे मोजून घेऊन जातात. पुढे ते कापड जाळले जाते आणि राखेतून चांदी गाळून काढली जाते. म्हणजे त्यांच्या हिशेबात कापडाची किंमत शून्य. हा सरळ व्यवहार आहे आणि आम्ही त्यास वाईट म्हणत नाही. आपण काय विकतो आहोत हे विकणाऱ्यास माहीत असावे, एवढेच आमचे म्हणणे.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते अड्याळचे. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागणारे हे गाव. तेथे आमच्या जुन्या ओळखीच्या एका घरी गेल्या हिवाळ्यात जाणे झाले. घरातील तरुण मुलाने पेटीतून एक चोगा काढून ओसरीवर आमच्यापुढे ठेवला. मधाच्या रंगाचा, गुडघ्याखाली येईल इतका लांब, गळ्यास व आस्तिनीस काळवंडलेल्या जरीची पट्टी. जरीवाला आठवड्यापूर्वी येऊन भाव सांगून गेला होता आणि पुन्हा येणार होता. मुलगा म्हणाला, ''चाचा, किती येतील ते तुम्ही सांगा. तसेही मर्दाला रेशीम जायज नाही. मग ठेवून करायचे काय?''

आत त्याची दादी बसलेली होती. ती एवढेच म्हणाली, ''माझे आजेसासरे पाच वक्तांचे नमाजी होते.''

तिच्या मनातले आमच्या ध्यानात आले. हा चोगा तिच्या आजेसासऱ्यांचा, आणि त्या बुजुर्गांनी रेशीम अंगावर घातले हे त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यामुळे चोगा कधी कोणाला दाखवला गेला नाही, आणि फेकलाही गेला नाही. आम्ही मुलास म्हटले की भाव मागाहून पाहू, आधी हे कापड आहे काय ते पाहू. चोगा उजेडात नेला आणि उलटा केला.

जुने वस्त्र पाहण्याची पहिली रीत हीच. समोरून पाहिले तर चमक दिसते, आणि चमकेने आजवर पुष्कळ व्यापारी फसले आहेत. खरी माहिती उलट्या बाजूस, शिवणीच्या आत दडलेल्या कापडात असते. तेथे ऊन लागलेले नसते, धुण्याची झळ बसलेली नसते, आणि शिंप्याने जे लपवले ते तेथेच लपवलेले असते.

हा कोसा आहे हे सांगण्यास भंडारा जिल्ह्यातील माणसास भिंग लागत नाही. तरी नव्या वाचकांसाठी थोडे सांगतो. तुतीच्या पानांवर घरात पाळलेल्या किड्याचे रेशीम निराळे आणि कोसा, ज्यास बाहेर टसर म्हणतात, तो निराळा. कोशाचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांवर उघड्या रानात वाढतो. आपल्याकडे ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करीत आले. पाखरे आणि मुंग्या यांच्यापासून किडे वाचवीत झाडाखाली दिवस काढावे लागतात. या किड्याचा कोष लाकडासारखा टणक असतो आणि त्यास फांदीला धरून ठेवणारा देठ असतो. खाराच्या पाण्यात उकळून तो मऊ केल्याशिवाय धागा सुटत नाही. पूर्वी बायका हा धागा मांडीवर वळून काढीत. तुतीच्या रेशमापेक्षा हा धागा तिप्पट-चौपट जाड आणि चपटा असतो. म्हणून कोशाची चमक आरशासारखी नसते, ती आतून आल्यासारखी दिसते, आणि हाताला कापड किंचित खरखरीत लागते. रंग त्याचा स्वतःचाच असतो. तो सहसा दुसरा रंग नीट घेत नाही, म्हणून जुना कोसा बहुधा मूळच्याच रंगात राहिला. या चोग्याचेही तसेच.

त्याचा एक फायदा झाला. एकोणिसाव्या शतकात युरोपात रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्यावर कथिलाचे क्षार चढवीत. रेशीम वजनावर विकले जाई, त्यामुळे गिरण्यांचा नफा वाढला. पण त्या काळातील मडमांचे झगे आज संग्रहालयांत घडीवर चिरत आहेत, हात लावताच त्यांचा चुरा होतो. आपल्या कोशावर असा प्रयोग झाला नाही. अड्याळच्या चोग्यास कसर लागली होती, बगलेत घामाने कापड विरले होते, पण पाठ आणि दामन आजही असे की मुठीत धरून सोडले तर घडी मोडून परत सरळ होते.

आता मुख्य गोष्ट. बगलेच्या शिवणीत आम्हाला कापडाची मूळ किनार सापडली. किनार सापडली की ताणा कोणता आणि बाणा कोणता हे ठरते, कारण किनारीला समांतर जातो तो ताणा, म्हणजे मागावर आधी लावलेला उभा धागा. धोट्याने आडवा टाकला जातो तो बाणा. भिंग लावून मोजले तेव्हा इंचात ७६ ताणे आणि ४४ बाणे निघाले. आणि बाणा आम्हाला वेगळा वाटला. ताण्याचा धागा चपटा, मधाच्या रंगाचा. बाण्याचा गोल, बारीक, मळकट पांढरा.

शिवणीच्या आतून अर्धे बोट लांबीचा एकेक धागा आम्ही मुलाकडूनच काढवला. दादीने चुलीतले जळते लाकूड पुढे केले. ताण्याचा धागा आचेजवळ नेताच आक्रसला, केस जळाल्याचा वास आला, आणि काळा मणी राहिला तो बोटांत चुरडला गेला. तो कोसा. बाण्याचा धागा पटकन पेटला, कागद जळाल्याचा वास आला आणि राखाडी राख उडून गेली. ते सूत. (आजच्या नकली रेशमाचा धागा जाळला तर तो वितळतो आणि मणी बोटांत चुरडत नाही, खड्यासारखा राहतो. हा फरक गिऱ्हाइकांनी जरूर लक्षात ठेवावा.)

म्हणजे ताणा कोशाचा आणि बाणा सुताचा. ताणे दाट बसवलेले आणि बाणा बारीक व विरळ, म्हणून समोरून पाहणाऱ्यास सगळे रेशीमच दिसते.

याचा अर्थ त्या घरापुरता मोठा होता. पुरुषांना रेशीम मना आहे आणि स्त्रियांना जायज आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हनफी फिकहमध्ये असेही आहे की ताणा रेशमाचा आणि बाणा सूत वगैरे दुसऱ्या कशाचा असेल तर ते कापड पुरुषास घालण्यास हरकत नाही. दलील अशी की नुसते उभे धागे म्हणजे कापड नव्हे. बाणा पडतो तेव्हा कापड होते, म्हणून हुकूम बाण्याप्रमाणे. रेशमी काठाला चार बोटांच्या रुंदीपर्यंत मुभा आहे, तीही हदीसवरून. चोग्याच्या गळ्याची पट्टी आम्ही बोटांनी मोजली, दोन बोटे भरली. आम्ही कापडाचे व्यापारी, मुफ्ती नव्हे. ताणा-बाणा सांगणे आमचे काम, फतवा देणे नाही, आणि जरीचा सवाल निराळा. म्हणून दादीस म्हटले की एकदा मौलानांना विचारून घ्या. पण ज्याने हे कापड विणवून घेतले त्यास हा मसला माहीत असावा असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसती बचत करायची असती तर सूत ताण्यात घालूनही ती झाली असती, आणि ताण देण्यास सुताचा ताणा सोपाही पडतो.

याच हिशेबातून एक सबंध धंदा उभा राहिला होता, तो मशरूचा. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी शरियतने परवानगी दिलेले. गुजरातेत आणि औरंगाबादेस (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) मशरू विणला जाई. त्यात ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, पण वीण साटिनची. म्हणजे रेशमी धागा एकाच वेळी अनेक बाण्यांवरून उडी मारून जातो. त्यामुळे वरच्या बाजूस सगळे रेशीम आणि अंगास लागते ते सगळे सूत. औरंगाबादचा हिमरूही रेशीम व सूत यांच्या मेळाचाच, पण त्यात नक्षी बाण्याने उमटते. अड्याळच्या चोग्याची वीण साधी, एकावर एक. तेव्हा त्यास मशरू म्हणता येणार नाही. वीण मशरूची नव्हे, हिशेब मशरूचा.

मग हे कापड विणले कोठे? दामनाच्या आतील बाजूस, जेथे शिंपी संजाफ म्हणून पट्टी लावतो, तेथे उत्तर मिळाले. ती पट्टी करवती काठाची होती. गडद तांबड्या सुती काठाचे दात कोशात घुसलेले, करवतीच्या पात्यासारखे. नागपूर-भंडाऱ्याच्या करवत काठी साडीचे हेच ओळखचिन्ह, आणि या साड्या-कापडास आता भौगोलिक संकेताची नोंदणीही मिळाली आहे. हा काठ तीन धोट्यांनी विणतात. एक मधल्या अंगासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. जेथे काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा भेटतात तेथे विणकर हाताने एकमेकांत अडकवतो. एक चुकला तर तेथे भोक पडते. खरा करवती ओळखायचा तर दात उलट्या बाजूने पाहावेत. दोन्हीकडून सारखेच दिसतात आणि मागे एकही सुटा धागा लोंबत नाही. यंत्रावर काढलेल्या नकली दातांच्या मागे धागे मोकळे धावताना दिसतात. पट्टी इकडची म्हणून सगळे कापड इकडचेच असा निकाल कोर्टात टिकणार नाही. पण चोगा शिवणाऱ्याच्या हाताशी करवतीचे तुकडे होते, एवढे नक्की. आंधळगाव, मोहाडी ही कोशाची गावे याच जिल्ह्यातली.

बाण्याचे सूत मात्र चरख्याचे नव्हते. ते एकसारखे, गाठी नसलेले, म्हणजे गिरणीचे. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, पण मँचेस्टरचे सूत त्याही आधी येत होते. म्हणून यावरून साल निघत नाही, फक्त फार जुने नाही इतके कळते. लांब शिवणी सगळ्या हाताच्या. घरची पिढी आणि हे सूत एकत्र धरले तर सव्वाशे वर्षांच्या आगेमागे, असा आमचा अंदाज. गळ्यापाशी एक दुरुस्ती मशीनची आहे, ती पुष्कळ नंतरची. तिचा दोराही वेगळा आहे.

आणि तो शिंपी! आम्ही गेली तीस वर्षे कापड विकतो आहोत, पण अशी शिवण क्वचित पाहिली. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून घेर आणण्यासाठी दोन्ही बाजूंस कळ्या लावाव्या लागतात. त्याने लांब पट्टी तिरकी कापून एकाच्या दोन कळ्या केल्या, एक वर तोंड करून, एक खाली. चिंधी पडली नाही. मग कळीची तिरकी बाजू शेजारच्या तुकड्याच्या सरळ बाजूस जोडली. दोन तिरक्या बाजू एकमेकींस जोडल्या असत्या तर शिवण वर्षभरात लोंबली असती आणि दामन वरखाली झाले असते. आज इतक्या वर्षांनी आम्ही चोगा ओसरीवर पसरला तेव्हा दामनाची रेघ सरळ होती. बगलेत चौबगला बसवलेला, म्हणजे हात वर केला तरी चोगा वर ओढला जात नाही. नमाजात हात बांधणाऱ्या, रुकूत वाकणाऱ्या माणसासाठी हे शिवले होते. टाके अंगठ्याएवढ्या जागेत चौदा मोजले, आणि शिवणीच्या कडा आत दुमडून पुन्हा तुरपल्या होत्या. उलट बाजू इतकी स्वच्छ की अस्तराची गरजच नव्हती.

गळ्याच्या आत एक बोटभर मांजरपाटाची चिंधी टाचलेली आढळली. त्यावर शाईने घसट्या उर्दूत काही लिहिले होते. घरातील मुलगा मराठी शाळेत शिकलेला, त्यास ते डाग वाटले. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, म्हणून वाचता आले : लांबी २२ गिरह, आस्तीन ११ गिरह. गिरह म्हणजे गजाचा सोळावा हिस्सा, सव्वादोन इंच. बावीस गिरह म्हणजे साडेएकोणपन्नास इंच. टेप लावून पाहिला, खांद्यापासून दामनापर्यंत साडेएकोणपन्नासच भरले. चोगा ना आटला, ना लोंबला. शिंप्याने आपले नाव लिहिलेले नाही.

आता भाव. जरी खरी होती. घासलेल्या जागी सोनेरी मुलामा जाऊन खाली पांढरी चांदी दिसत होती आणि बाकी चांदी काळवंडली होती. नकली जरी घासली तर खाली तांबूस तांबे दिसते, आणि ती हिरवी पडते. परंतु जरीच्या वजनात आतला रेशमी धागा धरलेला असतो, गाळण्यात घट येते, आणि दोन बोटांच्या पट्टीत चांदी असून असणार किती? जरीवाल्याने सांगितलेला भाव जरीसाठी वाजवी होता, हे आम्ही मुलास स्पष्ट सांगितले. त्याने फसवले नव्हते. पण त्या भावात बाकीचा चोगा फुकट जात होता.

येथे आमचा स्वतःचा एक गुन्हा कबूल करणे भाग आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी, वडिलांच्या दुकानात नवे असताना, एका घरातून आम्ही जुनी मशरूची पेशवाज विकत घेतली. गोटा उसवून विकला, त्यात चार पैसे सुटले. कापड वाघनखाने ओरबाडल्यासारखे फाटले होते असे आम्ही स्वतःस समजावले आणि त्याचे तुकडे उशांच्या खोळींस दिले. पुढे एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत तसेच पट्ट्यापट्ट्यांचे मशरू पाहिले, आमच्याकडच्यापेक्षा जास्त फाटलेले. लोक वाकून वाकून पाहत होते. आम्ही तेथे फार वेळ थांबलो नाही.

१८६६ साली फोर्ब्स वॉटसन नावाच्या इंग्रजाने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ जिल्दांत चिकटवले आणि असे २० संच तयार केले. त्यातले १३ विलायतेत ठेवले, ७ हिंदुस्थानात. हेतू परोपकाराचा नव्हता. विलायतेच्या गिरणीवाल्यांना येथे काय खपते ते कळावे आणि त्यांनी तसे काढून येथेच विकावे, असा तो कारभार होता. एका वीतभर तुकड्यात किती धंदा असतो हे त्यांनी ओळखले. आपण आख्खा चोगा जाळायला देतो.

म्हणून आम्ही त्या घरी चोगा विकत घेतला नाही आणि विकूही दिला नाही. मौलानांना दाखवण्याचे ठरले. मुलाची पैशाची नड खरी होती, तिची सोय वेगळ्या मार्गाने झाली, तो भाग येथे सांगण्याचा नाही. ठेवण्याविषयी दादीस जे सांगितले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत ओल धरते. दोन-तीनदा धुतलेल्या, खळ गेलेल्या मांजरपाटात गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या कापडास आणि जरीस लागू देऊ नयेत, वेगळ्या पुरचुंडीत कोपऱ्यात ठेवाव्यात. खुंटीला टांगू नये. पावसाळा सरल्यावर सावलीत हवा द्यावी आणि दरवेळी घडी जागा बदलून घालावी, कारण कापड घडीवरच तुटते. अत्तर तर मुळीच लावू नये. या चोग्यावर छातीपाशी जो तपकिरी डाग आहे तो अत्तराचाच, आणि तो निघणार नाही.

धंद्याची गोष्ट राहिली. आज निकाहासाठी शेरवानी घेणारा तरुण दुकानात येतो. त्यास रेशमी झळक हवी असते, आणि त्याचे वडील बाजूस उभे राहून विचारतात की यात रेशीम किती. आम्ही मग नकली धाग्याचे कापड पुढे करतो, ते जायज असते पण उन्हाळ्यात अंगास भाजते. कोशाचा ताणा आणि सुताचा बाणा असे कापड त्या दोघांसही चालेल, आणि बाणा सुताचा असल्याने पूर्ण कोशापेक्षा स्वस्त पडेल. त्यासाठी नवा शोध लावायचा नाही, नमुना अड्याळच्या पेटीत आहे. एक अडचण सांगून ठेवतो. बाजारात कोसा म्हणून येणाऱ्या सुतात चीन-कोरियाचा धागा मिसळलेला असतो. तेव्हा विणकरास धागा पाहूनच घ्यावा लागेल. केंद्रीय रेशीम मंडळाची २००४ पासूनची सिल्क मार्कची खूण शुद्ध रेशमासाठी आहे. असे मेळाचे कापड त्यात बसणार नाही, म्हणून पावतीवर ताणा-बाणा वेगवेगळा लिहून देणे हाच प्रामाणिक मार्ग.

आम्ही ७६ ताणे, ४४ बाणे हा हिशेब आणि शिवणीतील दोन धागे घेऊन आंधळगावच्या एका विणकराकडे गेलो. त्याने धागे तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिले आणि इतका दाट ताणा आता कोणी लावत नाही म्हणाला. पहिल्या खेपेस ताणा सारखा तुटला, तीन वारांवर काम थांबवावे लागले. खळ बदलून दुसरा ताणा लावला आहे. हे लिहीत असताना सात वार कापड उतरले आहे, आणि पहिला तुकडा अड्याळला दादीकडे पाठवला आहे.